८४ दिवसांच्या अलीकडे

आमच्या मजल्यावरच्या काकांचं आयुष्य ताटं चकचकीत करण्यात गेलं. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यांतल्या एका गाळ्यात ते तीस वर्षं बफिंगच्या मशीनवर उभे होते. नाकाला फडकं, हातात ताट, समोर गरगरणारं चाक. काम सुटल्यावर हर्निया निघाला आणि एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशनची तारीख ठरली. आदल्या दिवशी सकाळी रक्त दिलं. संध्याकाळी काउंटरवरच्या मुलीचा फोन आला. "काका, उद्याचं कॅन्सल झालंय. रिपोर्टमध्ये काहीतरी आलंय. सर म्हणतायत, आधी ते बघून या."

'ते' म्हणजे काय, हे सांगायला तिथे कोणाला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कागद आणायला गेलो. एचआयव्ही, एचबीएसएजी, एचसीव्ही अशा तीन ओळी. पहिल्या दोनांपुढे 'नॉन-रिॲक्टिव्ह', तिसरीपुढे 'रिॲक्टिव्ह' आणि त्याभोवती बॉलपेननं काढलेला गोल. काकांनी विचारलं, "कावीळ आहे का?" मुलगी म्हणाली, "तसंच काहीतरी. लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा." कोणत्या डॉक्टरांना, कुठे, किती दिवसांत, काही नाही. डिपॉझिट परत मिळालं, तपासणीचे पैसे कापून. त्या रात्रीपासून काकूंनी काकांचं ताट, वाटी, पेला आणि पंचा वेगळा ठेवला.

एचसीव्ही म्हणजे हेपटायटिस सीचा विषाणू. तो ताटावाटीनं पसरत नाही, पंच्यानं नाही, एकत्र जेवण्यानं तर नाहीच. तो रक्तातून रक्तात जातो. पण हे काकूंना कोणी सांगितलेलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांची ताटं घासून चमकवलेला माणूस स्वतःच्या घरात वेगळ्या ताटात जेवू लागला.

बरेच दिवस मी या प्रसंगाकडे एक चुकार प्रकार म्हणून पाहत होतो. मुलगी नवशिकी असेल, डॉक्टर घाईत असतील. मग एक प्रश्न डोक्यात शिरला तो निघेना. काकांचं ते रक्त काढलं कोणासाठी? हर्निया शिवायला त्या तीन चाचण्या लागत नाहीत. त्या होतात त्या शिवणाऱ्या हातांच्या काळजीनं. सुई टोचली तर, पातं लागलं तर? भीती खोटी नाही. दूषित सुई टोचल्यावर हेपटायटिस सी होण्याचा धोका शंभरात दोनाहूनही कमी असला तरी शून्य नाही, आणि या रोगाला लस नाही. तेव्हा सर्जननं आधी विचारून घेतलं तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते पुढचं. उत्तर नकारार्थी आलं तर ऑपरेशन होतं. होकारार्थी आलं तर ते रद्द होतं, नाहीतर 'स्पेशल किट'चे जादा पैसे लावून होतं. दोन्ही वाटांनी चाचणीचं काम तिथेच संपतं, कारण ती ज्याच्यासाठी केली तो सुरक्षित झालेला असतो. ज्याच्या दंडातून रक्त निघालं त्याला या व्यवहारात जागाच नाही.

मला वाटतं, मीरा-भाईंदरमधला, आणि बहुतेक महाराष्ट्रातला, हेपटायटिस सीचा सगळा प्रश्न या एका जागी येऊन अडला आहे. 'नवीन औषध काय आलंय?' असं लोक विचारतात. औषध येऊन दहा वर्षं झाली. ते ८४ दिवसांत काम करतं. अडचण आहे ती ८४ दिवसांच्या अलीकडे, पहिला कागद आणि दुसरा कागद यांच्यामध्ये.

औषधाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती निम्मी मुंबईची आहे आणि मुंबईकरांनाच ठाऊक नाही.

हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. त्याआधी त्याला स्वतःचं नावसुद्धा नव्हतं, 'ए नाही, बी नाही' असंच म्हणत. २०२० चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हार्वी ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना याच कामासाठी मिळालं. आपल्याकडे रक्तपेढ्यांना या विषाणूची तपासणी बंधनकारक झाली ती २००१ मध्ये. त्याआधी ज्यांना बाळंतपणात, अपघातात, ऑपरेशनमध्ये रक्ताची बाटली चढली, त्यांना ती या विषाणूपुरती न तपासता चढली.

तेव्हाचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, सहा महिने ते वर्षभर. दर इंजेक्शनानंतर ताप, अंगदुखी, केस गळणं, रक्त कमी होणं. काहींना इतकं नैराश्य येई की उपचार सोडून द्यावा लागे. एवढं सोसून बरे होणारे ढोबळमानानं निम्मे. आठवड्यातून एकदाच टोचावं लागणारं सुधारित इंटरफेरॉन रोश कंपनीनं 'पेगासिस' या नावानं आणलं, आणि २००६ मध्ये त्याला भारतात पेटंट मिळालं. पेटंट कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे औषधालाच पेटंट देणं सुरू झालं होतं, आणि त्या नव्या राजवटीतलं हे पहिलंच औषध. सहा महिन्यांचा खर्च चार लाखांच्या वर.

या पेटंटला आव्हान दिलं ते संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट या मुंबईतल्या संस्थेनं. ही संस्था नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये काम करते. मुंबईच्या भाषेत ज्यांना गर्दुल्ले म्हणून आपण पुलाच्या दुसऱ्या बाजूनं जातो, त्यांच्यामध्ये. एकच सुई चौघांत फिरते, त्यामुळे हेपटायटिस सी या लोकांत बाकीच्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. संस्थेला हा रोग पुस्तकातून कळलेला नव्हता, रोज समोर बसणाऱ्या माणसांतून कळला होता. लॉयर्स कलेक्टिव्हच्या वकिलांनी बाजू मांडली. २००९ मध्ये पेटंट कार्यालयानं आक्षेप फेटाळला. संस्था अपील मंडळाकडे गेली. २ नोव्हेंबर २०१२ रोजी न्या. प्रभा श्रीदेवन यांच्या अध्यक्षतेखालील बौद्धिक संपदा अपील मंडळानं पेटंट रद्द केलं. त्या क्षेत्रातल्या जाणकाराला जे सहज सुचलं असतं ते शोध म्हणून खपवता येणार नाही, असं मंडळानं म्हटलं. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट मंडळानं मान्य केली. कायद्यातल्या 'हितसंबंधित व्यक्ती' या शब्दांत रोग्यांसाठी काम करणारी संस्थाही बसते. औषधाच्या दराशी रोग्याचा संबंध असतो, हे एका न्यायपीठाला लिहून द्यावं लागलं.

या विजयाला एक चुटपुट चिकटून आहे. पेटंट गेलं तेव्हा पेगासिसचे दिवसच भरत आले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, अमेरिकेत सोफोसबुव्हिर बाजारात आलं आणि इंटरफेरॉन अडगळीत गेलं. वर्षानुवर्षं भांडून जिंकलेली वस्तू कोणाला नकोशीच झाली. पण म्हणून भांडण फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या औषधाच्या वेळी आक्षेप घेणारे आधीपासून तयार होते.

सोफोसबुव्हिर हे नाव मायकेल सोफिया या रसायनशास्त्रज्ञावरून पडलं आहे. विषाणू पेशीत शिरून आपल्या आरएनएच्या नकला काढत बसतो, कडीला कडी जोडत. हे औषध त्या साखळीत एक खोटी कडी सरकवतं. दिसायला हुबेहूब, पण तिच्यापुढे दुसरी कडी बसत नाही. साखळी तिथेच तुटते. सोबतचं डॅक्लाटासव्हिर किंवा व्हेलपाटासव्हिर त्याच विषाणूचं दुसरं एक प्रथिन बंद पाडतं. विषाणूला एका वेळी दोन ठिकाणी कुलूप. एचआयव्ही आपला मजकूर माणसाच्या जनुकांत लिहून ठेवतो आणि हेपटायटिस बी पेशीच्या केंद्रात ठाण मांडतो, म्हणून ते दोघे दबतात, पण सहसा निघत नाहीत. हेपटायटिस सीला अशी लपायला जागा नाही. नकला थांबल्या की तो संपतो. जुनाट विषाणूजन्य रोग गोळ्यांनी मुळापासून जातो असं हे विरळा उदाहरण आहे, आणि ते आपल्याकडच्या नाक्यावरच्या माणसाला अजून पोचलेलं नाही.

अमेरिकेत दर होता १२ आठवड्यांना ८४,००० डॉलर. दिवसाला हजार डॉलरची गोळी. २०१४ च्या सप्टेंबरात गिलियड कंपनीनं सात भारतीय कंपन्यांना परवाने दिले, ९१ देशांत विकण्याच्या अटीवर. जानेवारी २०१५ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं गिलियडचा अर्ज फेटाळला, दिल्ली उच्च न्यायालयानं तो पुन्हा ऐकायला लावला, आणि मे २०१६ मध्ये पेटंट मिळालं. दिल्ली नेटवर्क ऑफ पॉझिटिव्ह पीपलसारख्या रोगी-संघटना तिथेही लढल्या आणि हरल्या. पण तोवर भारतीय कंपन्या एकमेकींच्या खाली दर उतरवत गेल्या होत्या. २०१५ मध्ये नॅटकोची २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना होती. टास्मानियाचा एक रोगी विमानानं चेन्नईला येऊन औषध घेऊन गेला आणि त्याच्यामागून जगभरातून माणसं येऊ लागली. पुढे पूर्ण उपचाराचा दर ६० डॉलरच्या आसपास उतरला. आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

कार्यक्रमातला उपचार इतका सरळ आहे की संशय यावा. यकृत कडक झालेलं नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, १२ आठवडे. कडक झालं असेल, म्हणजे सिरॉसिस असेल, पण काम निभावत असेल तर सोफोसबुव्हिर आणि व्हेलपाटासव्हिर, तेही १२ आठवडे. पोटात पाणी होण्यापर्यंत गेलं असेल तर सोबत रिबाव्हिरिन, नाहीतर मुदत दुप्पट. यकृत कितपत कडक झालंय याचा अंदाज प्लेटलेट आणि एसजीओटी या दोन साध्या चाचण्यांच्या आकड्यांवरून बांधता येतो. सुई घालून यकृताचा तुकडा काढायची गरज बहुतेकांना उरलेली नाही. आपल्याकडे या विषाणूचा तिसरा प्रकार जास्त सापडतो, पण ही औषधं सगळ्याच प्रकारांवर चालत असल्यानं तेही तपासत बसावं लागत नाही. बरे होण्याचं प्रमाण शंभरात नव्वदाच्या वर.

काळजीच्या गोष्टी आहेत, त्या सांगून टाकतो. आधी हेपटायटिस बी तपासायचा, कारण सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ही औषधं निकामी होतात. ॲसिडिटीच्या गोळ्या व्हेलपाटासव्हिरला पोटात नीट जिरू देत नाहीत, आणि ॲसिडिटीची गोळी आपल्याकडे कोणी औषधात धरतच नाही. सिरॉसिस झालेल्याला विषाणू गेल्यावरही कर्करोगाचा धोका उरतो, त्यानं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायची. आणि बरं झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते.

तर औषध आहे, स्वस्त आहे, फुकटही आहे. मग माणसं कुठे आहेत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतल्या रक्तनमुन्यांत या विषाणूच्या अँटिबॉडी ०.३२ टक्के लोकांत सापडल्या होत्या. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांच्या वर होती. देशाची सरासरी इथे जशीच्या तशी लावली तर अडीच हजार माणसं होतात. लागण झालेल्यांपैकी साधारण पाव लोकांत शरीर आपणहून विषाणू हाकलतं, ते वजा केले तर पावणेदोन-दोन हजार. हा माझा कागदावरचा ढोबळ हिशेब आहे, शहराची मोजणी नव्हे, आणि वस्ती तर आता कितीतरी वाढली आहे. पण आकड्याचा अंदाज येतो. दोन हजार माणसं म्हणजे मीरा रोडची दोन-तीन मोठी संकुलं. एवढी माणसं शोधून काढणं हे काही एखाद्या महापालिकेला न झेपणारं काम नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला मान्य आहे. हजारात तिघांसाठी सगळ्या शहराला सुया टोचत बसायचं का? नाही. इजिप्तनं २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत जवळजवळ पाच कोटी लोक तपासले, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांची पाठ थोपटली. पण इजिप्तमध्ये हा रोग घरोघरी होता, कारण तिथल्या सरकारनंच काही दशकांपूर्वी एका कृमिरोगाविरुद्ध गावोगाव इंजेक्शनं दिली होती आणि त्याच त्याच सुयांनी विषाणू पसरवला होता. आपलं तसं नाही. आपल्याला घरोघर जायची गरजच नाही, कारण ही दोन हजार माणसं स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येतात आणि रक्त देऊन जातात.

नर्सिंग होममध्ये ऑपरेशनआधी तपासणी होते. डायलिसिसच्या यंत्राला जोडण्याआधी आणि नंतरही ठरावीक मुदतीनं होते. सोसायटीच्या आवारात, गणपतीच्या मांडवाशेजारी रक्तदान शिबिर होतं, तिथली प्रत्येक बाटली तपासली जाते. रक्तदात्याच्या अर्जात एक प्रश्न असतो, तपासणीत काही वावगं आढळलं तर तुम्हाला कळवायचं का? भरताना तो कोण वाचतो? रांगेत मागचा ढकलत असतो, बिस्किटाचा पुडा आणि फ्रूटी समोर दिसत असते. नया नगरातून, शांती नगरातून आखातात नोकरीला जाणाऱ्या पोरांची व्हिसाच्या मेडिकलमध्ये तपासणी होते. तिथे 'अनफिट'चा शिक्का बसतो आणि पोरगा घरी येतो. त्याला कळतं ते इतकंच, की दुबई गेली.

या साऱ्या चाचण्यांत एक गोष्ट समान आहे. सर्जनला स्वतःचा हात वाचवायचा असतो, रक्तपेढीला बाटली शुद्ध हवी असते, मालकाला निरोगी कामगार हवा असतो. या हेतूंपैकी एकही वाईट नाही. पण रक्त ज्याचं, त्याच्यासाठी यांतली एकही चाचणी होत नाही. म्हणून शोध लागतो आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या एक्स-रेच्या मागे जाऊन पडतो.

त्यात तो कागदही अर्धाच असतो. 'रिॲक्टिव्ह' म्हणजे अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला. तो आज आत आहे की नाही, हे त्या कागदाला ठाऊक नसतं. ते सांगते आरएनएची चाचणी, ज्याला व्हायरल लोड म्हणतात. अँटिबॉडी मात्र औषधानं बरा झालेल्याच्या रक्तातही जन्मभर राहतात. म्हणजे पहिला कागद जिवंत विषाणू असलेल्याला, आपोआप बऱ्या झालेल्याला आणि औषधानं बऱ्या झालेल्याला एकाच शब्दात दोषी ठरवतो. दुसऱ्या चाचणीविना पहिली करणं म्हणजे माणसाला आरोपपत्र देऊन खटलाच न चालवणं. वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली जी 'भव्य मोफत हेपटायटिस तपासणी' असते तिच्यावर माझा राग आहे तो यामुळे. बोटाला टोचून दहा मिनिटांत कोणाच्या तरी संसारात वेगळं ताट मांडायचं आणि संध्याकाळी मांडव आवरायचा.

आपल्या भाषेचाही यात थोडा दोष आहे. आपण सगळ्याला कावीळ म्हणतो. दूषित पाण्यातून पावसाळ्यात येणारी ए आणि ई, रक्तातून येणारी बी आणि सी, दारूनं यकृत गेलेला, पित्ताचा खडा अडकलेला, सगळ्यांना एकच शब्द. आणि कावीळ म्हटलं की उपाय ठरलेले असतात. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ती 'उतरवतात', गळ्यात माळ घालतात, कुठल्याशा गावच्या पुड्या आणतात. ए आणि ई बहुधा आपोआप बऱ्या होतात, श्रेय माळेला मिळतं. हेपटायटिस सी मात्र वीस-वीस वर्षं डोळे पिवळे करतच नाही. ज्याचे डोळे पांढरेशुभ्र आहेत त्याला 'तुम्हाला कावीळ आहे' म्हटलं तर तो हसतो, आणि डोळे पिवळे होतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. काकाही सुरुवातीला हसलेच होते.

मीरा-भाईंदरची म्हणून एक वेगळी अडचण आहे, ती नकाशा पाहिल्यावर कळते. शहर ठाणे जिल्ह्यात. सरकारी कार्यक्रम जिल्ह्यावार चालतात, कागदपत्रं जिल्ह्याच्या ठिकाणी जातात. पण भाईंदर स्टेशनवरून ठाण्याला लोकल नाही. पश्चिम रेल्वेनं दादर गाठून मध्य रेल्वेनं उलट यायचं, नाहीतर घोडबंदर रोडच्या वाहतुकीत बसायचं. म्हणून इथला माणूस मोठं दुखणं आलं की मुंबईची गाडी पकडतो. बोरिवली, नाहीतर थेट परळ. टेंभ्याचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय भाईंदर पश्चिमेला असतानाही 'मोठ्या आजाराला मुंबई' ही सवय सुटत नाही. उत्तरेला खाडी ओलांडली की वसई, म्हणजे पालघर जिल्हा. दक्षिणेला दहिसर नाका ओलांडला की दुसरी महापालिका. एकाच माणसाचं रक्त एका जिल्ह्यात तपासलं जातं, निदान दुसऱ्यात होतं आणि पाठपुरावा कोणी करायचा हे तिसऱ्यात अडतं. त्यातून शहर बाहेरून येऊन वसलेल्यांचं. कोणाला चाळीस वर्षांपूर्वी गावी डॉक्टरनं काचेच्या पिचकारीनं इंजेक्शन दिलं, स्टीलच्या डबीत सुई उकळल्यासारखी करून. कोणाला राजस्थानात बाळंतपणात रक्त चढलं. लागण कुठली, हे शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. काकांनाही कुठून झाला ते कळलं नाही, आणि खरं तर कळण्याची गरजही नव्हती.

मग करायचं काय? नवीन यंत्रणा उभारायला मी सांगणार नाही, आहे तीच एकमेकींना जोडायची. क्षयरोगात हे झालं आहे. २०१२ पासून प्रत्येक खासगी डॉक्टरनं क्षयाचा रोगी सरकारला कळवायचा, आणि कळवल्याबद्दल त्याला ५०० रुपये मिळतात. खासगी डॉक्टर कितीही कुरकुरले तरी त्यामुळे रोगी दिसू लागले. हेपटायटिस सीला हेच लावता येईल. शहरातली नर्सिंग होम १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेकडे नोंदतात आणि ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करतात. त्या वेळी एक प्रश्न विचारावा: तुमच्याकडे एचसीव्ही किती जणांचा रिॲक्टिव्ह आला आणि त्यांतल्या किती जणांना तुम्ही उपचार केंद्राची चिठ्ठी दिलीत? अग्निशमनाचा दाखला मागता, जैविक कचऱ्याचा करार मागता, तसंच हे.

त्याहून सोपं म्हणजे दुसरी चाचणी त्याच रक्तावर करणं. पहिली रिॲक्टिव्ह आली की त्याच नळीतलं उरलेलं रक्त आरएनएसाठी पाठवायचं, रोग्याला परत बोलवायचंच नाही. दोन खेपांच्या मध्ये माणूस हरवतो. एक दिवसाची मजुरी, एक तिकीट, शेजाऱ्यांनी विचारलेला एक प्रश्न, एवढ्यानंही हरवतो. यंत्रांची वानवा आहे असंही नाही. क्षयासाठी आणि पुढे कोविडसाठी गावोगाव पोचलेलं ट्रूनॅट हे आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं यंत्र, त्यावर हेपटायटिस सीचा आरएनएही तपासता येतो.

नोंदीची भीती ज्यांना वाटते त्यांचं मी ऐकतो. नाव फुटलं तर नोकरी जाईल, मुलीचं लग्न मोडेल. एचआयव्हीग्रस्तांसाठी २०१७ चा कायदा आहे, संमतीशिवाय चाचणी नाही आणि गुप्तता बंधनकारक. हेपटायटिस सीला तसं संरक्षण नाही, ते हवं. पण आज गुप्तता पाळली जाते असं समजण्याचं कारण नाही. ऑपरेशन रद्द झाल्याची बातमी वॉर्डबॉयपासून रिक्षावाल्यापर्यंत जाते, आणि ती तेवढीच जाते, उपचाराची वाट सोबत जात नाही. बदनामी आहेच, निदान तिच्याबरोबर गोळ्या तरी द्या.

हे जमतं का, याला पंजाबचं उत्तर आहे. जून २०१६ मध्ये तिथल्या सरकारनं जिल्हा रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू केला. मोठ्या शहरातल्या यकृततज्ज्ञांसाठी रोग्याला ताटकळत न ठेवता जिल्ह्यातल्याच फिजिशियनना शिकवलं, अडलं तर पडद्यावरून तज्ज्ञांना विचारायचं. ४८ हजारांहून अधिक रोग्यांचे जे निकाल प्रसिद्ध झाले, त्यांत बरे झालेले ९१ टक्क्यांहून जास्त होते. हे तज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या निकालांच्या तोडीचं आहे. पंजाबला हे का सुचलं? तिथे रोग इतका होता की दुर्लक्ष करता आलं नाही. आपल्याकडे तो कमी आहे, म्हणून दुर्लक्ष परवडतं. ज्या कारणानं आपलं काम सोपं आहे त्याच कारणानं ते होत नाही.

काकांचं पुढे झालं ते योजनेमुळे नव्हे, ओळखीमुळे. कागद पिशवीत गेल्यावर आठ महिन्यांनी काकूंचा भाचा गणपतीला आला. तो एका औषध कंपनीत फिरता प्रतिनिधी. त्यानं ते वेगळं ताट पाहिलं आणि विचारलं, "हे काय?" मग एक सरकारी रुग्णालय, तिथे आरएनएसाठी रक्त, विषाणू सापडला, यकृत अजून मऊ. औषधाचे तीन डबे, महिन्याला एक. काका ते मोबाइलच्या चार्जरशेजारी ठेवत, रोज रात्री साडेआठला घेत आणि कॅलेंडरवर पेनानं काट मारत. मळमळ नाही, ताप नाही. ८४ दिवस झाले, मग १२ आठवडे थांबून पुन्हा रक्त. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड.' त्या संध्याकाळी काकूंनी वेगळं ताट उचलून बाकीच्या ताटांत घातलं. सगळी एकाच घडणीची, आता कोणतं कोणाचं ते ओळखू येत नाही.

हर्निया राहिलाच होता. काकांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवून दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये गेले. आदल्या दिवशी रक्त घेतलं. संध्याकाळी फोन आला, "काका, रिपोर्टमध्ये काहीतरी..." काका म्हणाले, "मला माहीत आहे. येतो." काउंटरवर त्यांनी लॅमिनेट केलेला कागद ठेवला. मुलगी तो घेऊन आत गेली, बराच वेळ आत होती, मग बाहेर येऊन म्हणाली, "चालेल म्हणालेत सर."

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी बिल आलं. त्यात खाटेचं भाडं, भूल, टाक्यांची जाळी आणि खाली एक ओळ, 'स्पेशल किट'. मी काउंटरवर विचारलं, हे कशाचं?

"पॉझिटिव्ह पेशंटला लावतात ना ते," मुलगी म्हणाली.